कोळसेवाल्याचा नमुना

मूर्तिजापूर सोडून बस जेमतेम चार-पाच किलोमीटर गेली असेल, आणि खालून असा काही खडखडाट झाला, की कंडक्टरनं तिकिटाचं मशीन काखेत मारलं आणि जाहीर करून टाकलं, "उतरा बाप्पा सगळे. हे काही आता अकोल्याले जात नाई."

मे महिना होता. सकाळ पुरती वर आली नव्हती, तरी ऊन कानशिलांना चटके देत होतं. प्रतीक्षा ओढणी डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि पुन्हा पुन्हा घड्याळ बघू लागली. नोकरीला लागून दीड महिना झालेला. लॅबमधले मोठे केमिस्ट कालपासून लांब रजेवर, दुसरी मुलगीही आज सुटीवर. आज अकोल्याच्या कंपनीत माल येणार, तो तपासायचा तिनंच, आणि ती इथं... बाभळीच्या झाडाखाली!

काळजी करणं हा तिचा जन्मजात धंदा होता. घरून निघताना ती गॅसचं बटण दोनदा पाहायची, कडी तीनदा ओढायची. भातकुलीच्या घरी, जिथून ती आज पहाटे निघाली होती, तिचे बाबा केशवराव शेवंतीच्या वाफ्यात पाणी सोडता सोडता म्हणायचे, "हे पोरगी झोपीतही दाराची कडी पाहून येते."

तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. मागे काळ्या ताडपत्रीखाली गच्च पोती. खिडकीतून एका तरुणानं डोकं बाहेर काढलं. कानाच्या पाळीवर काळा डाग, आणि दात मात्र पांढरेशुभ्र.

"एमआयडीसीपर्यंत जातो. दोघं जण बसतीन. म्हाताऱ्या माणसाले आधी बसू द्या."

चांदूर बाजारहून लेकीकडे निघालेल्या सत्यभामाबाई पिशवी सावरत पुढे झाल्या, आणि चढता चढता त्यांनी प्रतीक्षाचा हात धरला. "चाल वो पोरी. मी एकटी कोन्या पोट्ट्यासंगं बसू का?"

अशी प्रतीक्षा खिडकीशी, तो स्टेअरिंगवर आणि मधोमध सत्यभामाबाई. गाडी हलली, आणि चौकशीही.

"नाव काय रे बावा तुह्यं?"

"चंदन, आजी. परतवाड्याचा."

"आन् मांगं काय भरलं हाय?"

"कोयसा."

"माय वो! नाव चंदन आन् इकते कोयसा?"

प्रतीक्षाला हसू आवरेना. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं, पण आरशात कुणीतरी तिचं हसू अगदी बरोबर टिपलं.

"साधा कोयसा नाई आजी, कार्बन म्हणते याले. कारखान्यात वापरून वापरून याची भोकं बुजते. मंग मी थो घेऊन जातो, अमरावतीच्या आमच्या भट्टीत लालभडक तापवतो, आन् नव्यासारखा करून वापस देतो."

"म्हंजे भांड्याले कल्हई करते तसं."

"हो, तसंच धरा." तो जरा थांबला. "पन आता कठीन हाय. हा माल जाते त्या सोयाबीनच्या कंपनीत एक नवीन केमिस्ट आली म्हणते. भल्ली खडूस हाय म्हणे. मांगचा नमुना दोनदा तपासला तिनं."

"तीनदा," प्रतीक्षा खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"अं?"

"दोनदा नाही... तीनदा तपासला."

पिकअपचा वेग आपोआप कमी झाला. सत्यभामाबाईंनी आधी हिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, की पिशवीतल्या कैऱ्या पायाशी सांडल्या.

"मॅडम," चंदन अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तुमाले इथीच उतरवून देऊ का?"

"द्या. पण मग आज माल तपासायला कुणी नाही. पोती घेऊन परत जावं लागेल अमरावतीला."

त्यानं निमूटपणे गिअर टाकला.

* * *

तो माल पास झाला. तीनदा तपासून.

प्रतीक्षाच्या कंपनीत सोयाबीनचं तेल काढायचं काम चाले. सोयाबीनचे पापुद्रे करायचे, ते सॉल्व्हंटनं धुवायचे, की तेल त्यात उतरतं. मग ते मिश्रण तापवायचं. सॉल्व्हंट वाफ होऊन उडतं, तेल खाली राहतं, आणि वाफ थंड केली की तेच सॉल्व्हंट पुन्हा वापरायला तयार. तरी थोडी वाफ निसटतेच. पेट्रोलसारखा वास येणारी, ठिणगी पडली तर भडका उडवणारी. ती अडवायला आवारात कार्बननं भरलेल्या दोन उंच टाक्या होत्या. कार्बन वाफ शोषून घेई. भरला की त्याच्यात गरम पाण्याची वाफ सोडून सॉल्व्हंट हुसकावून काढायचं, मग पंख्याच्या हवेनं कार्बन थंड करायचा आणि टाकी पुन्हा कामाला लावायची. असं बरेच महिने चाललं, की कार्बन पार चोंदून जाई, आणि मग लागायची चंदनची भट्टी. या उन्हाळ्यात दोन्ही टाक्यांचा कार्बन थोडा थोडा करून त्याच्याकडे जात-येत होता.

पुढच्या खेपेला तो लॅबच्या दारात उभा राहिला. कोपरापर्यंत हात धुतलेले, केसांवरून पाणी फिरवलेलं.

"आत येऊ का?"

"हात दाखवा."

त्यानं शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे केले. नखांच्या कडा काळ्याच होत्या.

"हे निघत नाई मॅडम. लग्नातही असेच राहतीन."

"कुणाच्या?"

"ठरलं नाई अजून..." तो म्हणाला आणि उगाच भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागला.

प्राजक्ता, लॅबमधली तिची जोडीदारीण, खोकला आल्यासारखं करून बाहेर निघून गेली. त्या दोघी अकोल्यात जठारपेठेत एकाच खोलीत राहायच्या. त्यामुळे रात्री जेवताना त्या खोकल्याचा सविस्तर खुलासा झाला, आणि प्रतीक्षानं "काहीही काय!" असं चारदा म्हटलं. एकदा म्हटलं असतं, तर प्राजक्तानं कदाचित विश्वास ठेवला असता.

मग तो यायला लागला. कधी रिकामी पोती न्यायला, कधी नमुन्याची बाटली विसरली म्हणून. "मुद्दाम विसरता का?" असं तिनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, तुमी तीनदा तपासता, मी दोनदा विसरतो. हिशोब बरोबर हाय." ती काम करत असताना तो खिडकीशी उभा राही, बडबड्या माणूस, पण ब्युरेटच्या काचनळीतून थेंब पडायला लागले की चूप. थेंब मोजणाऱ्या माणसाशी बोलू नये, हे त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

एका शनिवारी कंपनीनं तिला आणि प्राजक्ताला त्याची भट्टी पाहून यायला सांगितलं. अमरावतीच्या एमआयडीसीत पत्र्याची शेड. आत आडवा पडलेला भलामोठा लोखंडी पिंप, संथपणे स्वतःभोवती फिरणारा. बशीरभाई हे चंदनचे भागीदार, तो त्यांना चाचा म्हणे. भट्टीजवळच त्यांचे केस पिकले होते. त्यांनी प्रतीक्षाच्या हातात काळा चष्मा दिला. "हा लावा बेटी. उघड्या डोयानं नाई पाहाचं."

तिनं झरोक्याला डोळा लावला. आत सगळं केशरी-लाल होतं. कार्बनचे दाणे पेटलेल्या वाळूसारखे हळूहळू ओघळत होते, वर चढत होते, पुन्हा ओघळत होते. ना ज्वाळा, ना धूर.

"एवढं तापलं तरी जळत कसं नाही?" तिनं विचारलं.

"हवा लागू देत नाई ना." चंदन तिच्या अगदी कानाशी बोलत होता, कारण पिंपाचा आवाजच तसा होता. "वाफ सोडतो आत. वाफ त्याची भोकं मोकळी करते. चुकून हवा शिरली, की सगळी राख."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना! रोज वाटते. ज्या दिवशी वाटणार नाई, त्या दिवशी चाचा मले इथी उभं ठेवणार नाई."

तिनं चष्मा काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. आजवर ज्यानं त्यानं तिला हेच सांगितलं होतं, की इतकं भ्यायचं नसतं, इतकी काळजी करायची नसते. भीती ही कामाची वस्तू आहे, असं म्हणणारा हा पहिलाच. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, कानाची पाळी पुन्हा काळी झाली होती, आणि प्रतीक्षाला एकदम वाटलं, की ओढणीच्या टोकानं तो डाग पुसावा... ती इतकी दचकली, की चष्मा हातातून निसटला. त्यानं तो वरच्यावर झेलला.

"सांभाळून," तो म्हणाला.

सांभाळायचं काय, हे त्यानं सांगितलं नाही.

* * *

त्यानंतरचा माल आला, तो दुसऱ्या टाकीत भरायचा होता. चंदन खिडकीशी उभा होता. बाहेर गरम वारा पत्रे वाजवत होता. प्रतीक्षानं कार्बन आयोडीनमध्ये हलवून गाळला आणि उरलेलं आयोडीन मोजायला घेतलं. जितकं कमी उरेल, तितका कार्बन चांगला. स्टार्चनं आलेला गडद निळा रंग एका थेंबासरशी नाहीसा होतो, तो थेंब पकडायचा. तिनं तो पकडला. आकडा चांगला आला. तिनं मान वर केली, तर तो तिच्याकडेच बघत होता.

"पास?"

"पास," ती म्हणाली, आणि दोघंही का कोण जाणे, हसली.

त्या दिवशी तिनं एकदाच तपासलं.

पाच-सहा दिवस गेले, आणि एका दुपारी आवारातली घंटा वाजली. दुसऱ्या टाकीचं तापमान आपोआप चढायला लागलं होतं. ऑपरेटर पियुषनं टाकीत वाफ कोंबून ते कसंबसं खाली आणलं. कुणाला इजा झाली नाही. पण टाकीच्या वरच्या अंगाचा रंग पोपडे धरून उडाला होता.

कारखान्याचे व्यवस्थापक राऊतसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण उन्हाळ्यानं आणि मालकाच्या फोनांनी पिचलेला.

"कार्बन कोणी पास केला?"

"मी, साहेब."

"किती वेळा तपासला?"

"एकदा," ती पुटपुटली. राऊतसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे पाहा, मले कोणाच्या खाजगीत शिराचं नाई. पन थो कोयसेवाला पोरगा तुमच्या लॅबच्या खिडकीत उभा असते, हे आख्ख्या प्लॅन्टले माहीत हाय. उद्या मालकानं विचारलं, तर मी काय सांगू?"

ती बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. लाज तर होतीच, पण लाजेपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. ती लॅबमध्ये जाऊन स्टुलावर बसली आणि तो क्षण आठवायचा प्रयत्न करू लागली. निळा रंग गेला तेव्हा मी काचेकडे बघत होते, की त्याच्याकडे? एक थेंब जास्त पडला होता का? दोन? आठवत नव्हतं... खरंच आठवत नव्हतं. आठवत होता फक्त तो, खिडकीतला उजेड आणि "पास?"

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

"तुमाले काही झालं तर नाई ना? मी ऐकलं आन्..."

"मी ठीक आहे. चंदन, हे मिटेपर्यंत मला फोन करू नका. लॅबकडेही येऊ नका."

"माह्या मालात खोट हाय, असं वाटते तुमाले?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाई?"

"हेच तर!" तिचा आवाज फाटला. "तुम्ही समोर होता म्हणून मला माहीत नाही. कळतंय का तुम्हाला?"

त्याला कळलं की नाही, हे तिला कळलं नाही. "बरं," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये राग होता की दुसरं काही, याचा विचार करत ती ताटातली भाकरी कुस्करत राहिली, आणि प्राजक्तानं पहिल्यांदाच तिला चिडवलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्या खेपेचा जपून ठेवलेला नमुना काढला. त्याच्या बाजूला आणखी दोन, वेगवेगळ्या खेपांचे. तिन्हीवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि बाटल्या प्राजक्तासमोर ठेवल्या.

"तूच तपास. कुठली कुणाची ते विचारू नकोस. मी इथं थांबत नाही."

ती बाहेर व्हरांड्यात उभी राहिली. कार्बन खराब निघाला, तर आपल्या हातून टाकी पेटता पेटता राहिली. चांगला निघाला तर... तर एवढं हायसं कशासाठी वाटणार आहे, हेही तिला कळत होतं, आणि त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. ज्या गोष्टीची आपल्याला इतकी आस आहे, तिचा न्याय आपण करू शकत नाही. करायचाही नाही.

प्राजक्तानं दार उघडलं. "तिन्ही पास आहेत. मी दोनदा केलं सगळं, आणि मग नोंदवहीशी ताडून पाहिलं. तुझे तिन्ही आकडे जुळतात, बाई. एक थेंबही इकडेतिकडे नव्हता."

प्रतीक्षा भिंतीला टेकली. पण ते क्षणभरच, कारण लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. मग टाकी तापली कशानं?

ती तडक पियुषकडे गेली. त्यानं काही लपवलं नाही. "मॅडम, या उन्हात थंड करायचं पाणीच कोमट येते. मंग सॉल्व्हंटची वाफ जास्त सुटते, टाक्या लवकर भरते. एक टाकी थंड होऊस्तोवर दुसरी तुडुंब. म्हणून साहेबांनी सांगतलं, थंड कराचा वेळ अर्धा करा. तवापासून अर्धाच करून राहिलो आमी."

म्हणजे वाफेनं तापलेला कार्बन पुरता निवायच्या आतच पुन्हा कामाला जुंपायचा. आत कुठंतरी निखाऱ्यासारखा गरम गठ्ठा राहायचा, आणि त्याच्यावर हवा. तिला एकदम भट्टीचा झरोका आठवला. हवा शिरली, की सगळी राख.

"साहेब कुठे आहेत?"

"जेवाले गेले. येतीनच. दुसरी टाकी रिकामी कराले सांगितली हाय आज. सकायीच वाफ दिली, आता पंखा चालू हाय. चंदनभाऊ आले ना, माल वापस न्याले. वर गेले झाकण खोलाले."

"वर?"

ती धावत आवारात आली. उन्हानं डोळे दिपले. दुसऱ्या टाकीच्या शिडीवर, मजल्याभराच्या उंचीवर चंदन वाकून झाकणाचे बोल्ट सैल करत होता. पंख्याचा आवाज कानठळ्या बसवणारा. प्रतीक्षाची नजर टाकीच्या बुडाशी असलेल्या तापमानाच्या तबकडीवर गेली. हवा चालू होती, म्हणजे काटा खाली यायला हवा होता. तो वर चढत होता. सावकाश, पण वर.

"चंदन!" ती ओरडली. पंख्यानं आवाज गिळून टाकला. त्यानं तिसरा बोल्ट काढून बाजूला ठेवला. झाकण उघडलं, तर आतली गरम, सॉल्व्हंटनं भरलेली हवा थेट त्याच्या तोंडावर येणार होती, आणि बाहेरची हवा त्या निखाऱ्यावर...

एरवी प्रतीक्षानं कुठलंही बटण दाबण्याआधी तीनदा पाहिलं असतं. ती खांबाकडे पळाली आणि पंख्याच्या लाल बटणावर तिनं सगळा तळहात आपटला.

आवाज थांबला. इतका एकाएकी, की आवारातला प्रत्येक माणूस वळून बघू लागला.

"चंदन, खाली ये! हात लावू नको त्याला! आधी खाली ये तू!"

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं काहीच विचारलं नाही. पाना टाकून तो शिडीवरून झरझर उतरू लागला. ती तोवर वाफेच्या नळाच्या चाकाशी पोचली होती. आतली हवा हुसकावायची, तर वाफच हवी होती. चाक तापलेलं, तिनं ओढणी हाताला गुंडाळली आणि जीव खाऊन फिरवलं. पियुष धावत आला, दोघांनी मिळून ते पुरतं उघडलं. सैल झालेल्या झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ फुसफुसत बाहेर आली, अगदी जिथं चंदनचं डोकं होतं तिथून.

काटा आणखी थोडा चढला. थांबला. बराच वेळ थांबला. मग मनात नसल्यासारखा खाली सरकू लागला.

चंदन तिच्या शेजारी येऊन उभा होता. त्याच्या डाव्या मनगटावर वाफेचा लाल पट्टा उठला होता. ती त्या मनगटाकडे बघत होती.

"तुला काही झालं असतं म्हणजे?" ती म्हणाली, जणू चूक त्याचीच होती.

"झालं तर नाई," तो हळूच म्हणाला. "तू होतीस ना."

राऊतसाहेब फाटकातून आत आले ते थेट या देखाव्यापुढे. पियुष बोलला, प्रतीक्षा बोलली. साहेब तबकडीकडे बघत राहिले. त्यांनी नाही म्हटलं नाही, कारण समोर काटा होता, वाफ होती आणि एका जिवंत माणसाचं भाजलेलं मनगट होतं. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "माह्या डोक्यात नुसतं उत्पादन होतं," ते म्हणाले. "आजपासून टाकी पुरती थंड झाल्याशिवाय कोणी पुढचं काम कराचं नाई. सॉल्व्हंट जास्त भरलं, तर प्लॅन्ट हळू चालवू. मालकाले मी सांगतो." मग चंदनकडे वळून, जरा अवघडून: "तुह्या मालात खोट नव्हती. मनगटाले मलम लाव आधी."

* * *

थोड्या वेळानं प्रतीक्षा साहेबांच्या केबिनमध्ये गेली. आता बसली तर पुन्हा उठायचं धाडस होणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"साहेब, एक सांगायचं होतं. यापुढे चंदनचा माल प्राजक्तानं तपासावा. मी नको."

"काहून? आता तं शाबित झालं, तुमचा आकडा बरोबर होता."

"यावेळी होता. पण तो समोर उभा असला, की माझं लक्ष काचेवर राहत नाही. एका दिवसात मला कळून चुकलंय ते."

"म्हंजे त्याले लॅबमध्ये येऊ नोको म्हणून सांगा. सोपं हाय."

"सोपं नाही, साहेब." तिनं एक श्वास घेतला. "मला त्याच्याशी लग्न करायचं आहे. मग त्याचा माल मी कशी पास करू?"

राऊतसाहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"त्याले माहीत हाय का हे?"

"नाही. अजून त्याला सांगितलं नाही."

"माहीत झालं, साहेब," दारातून आवाज आला.

मनगटाला पांढरी पट्टी गुंडाळून चंदन तिथं उभा होता. माल परत न्यायचा की ठेवायचा, हे विचारायला आलेला. प्रतीक्षाला वाटलं, जमीन दुभंगावी. राऊतसाहेबांनी एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि समोरचे कागद ओढून घेतले.

"मंग माह्या केबिनीत काय करून राहिले दोघं? बाहेर जा ना. माल ठेवून जा, आन् दार लावून घ्या."

बाहेर फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली थोडीशी सावली होती. गरम वारा पाचोळा गोल फिरवत होता. तो काही बोलेना. नेमका आताच या बडबड्या माणसाला काय झालं? आपण फार पुढे गेलो का? त्याच्या मनात तसं काही नसलं तर? ते 'बरं' खरंच रागाचं असलं तर...?

"बोला ना काहीतरी," ती शेवटी म्हणाली.

"मगाशी तू म्हणत होतीस. आता पुन्हा तुमी?"

"बोल ना मग!"

"काल तू म्हटलं, फोन करू नका. मले लय राग आलता." तो पट्टीची गाठ चाचपत होता. "रातभर पडून राह्यलो. मंग ध्यानात आलं, का मी समोर असलो म्हणून हिले निळा रंग दिसत नाई... म्हंजे मी दिसतो ना? मंग राग कायचा करू? पाह्यटं पाह्यटं एकटाच हसून राहिलो होतो. चाचा म्हणे, पोट्ट्याले ऊन लागलं."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच.

"तू अजून उत्तर दिलं नाहीस."

"मले नाई विचारलंस ना तू. साहेबाले विचारलंस."

"चंदन!"

"हो," तो म्हणाला. आणि मग थट्टा बाजूला ठेवून, अगदी हळू: "हो वो. कवाचंच हो. पन भेव लागते."

"कशाचं?"

"तुह्या बाबाचं. रविवारी भातकुलीले येतो म्हटलं, तं काय सांगू, कोण आलो म्हणून?"

तिनं मोबाइल काढला. नंबर लावला. पलीकडे मोटारपंपाचा आवाज आणि केशवरावांचं "हा बोल" आलं.

"बाबा, रविवारी वावरात जाऊ नोका. घरी राहजा."

"काहून? काय झालं? पैलेच तुह्या आवाजावरून..."

"झालं काही नाई. एक जण येऊन राह्यला भेटाले." तिनं समोर पाहिलं. चंदन पट्टीची गाठ सोडून पुन्हा बांधत होता. "मले पसंत हाय तो, बाबा."

पंप थांबला. बहुतेक केशवरावांनीच बंद केला असावा. तेवढ्यात प्रतीक्षाच्या मनात सगळ्या प्रकारचे नकार येऊन गेले.

मग केशवराव खाकरले. "जेवाले थांबन ना थो? तुह्या मायले सांगतो तसं."